मोठ्या रस्त्याची सभा

सकाळच्या चहालाच तुरातनं सभेतली भाषणं वाटून टाकली.

“आधी मी बोलणार, मग नुरजामाल, शेवटी अपा,” नानचा तुकडा मधात बुडवत तो म्हणाला. “आणि तिघांनी एकच बोलायचं. रस्ता रुंद करा, बायपास नको. याला आणखी फाटे फोडायचे नाहीत. शेवटी म्हातारं माणूस बोललं की ते कुणी खोडत नाही.”

“म्हातारं कोण?” त्याच्या आईनं, झूराकाननं विचारलं.

“तुम्ही नाही अपा. मी,” तुरात म्हणाला, आणि दस्तरखानाभोवतीचे सगळे हसले.

ओश शहराकडे जाणारा मोठा रस्ता ताश-केचू गावाच्या मधून जात होता, आणि या घराचं पोट त्या रस्त्यावर होतं. मुकाम्बेतनं, झूराकानच्या नवऱ्यानं, ट्रक चालवणं सोडून रस्त्याकडेला खानावळ काढली. तो गेल्यावर खानावळ थोरल्या मुलाकडे, तुरातकडे आली. खानावळीला लागूनच लेक नुरजामाल आणि तिच्या नवऱ्याचं टायरचं दुकान. राहतं घर मात्र रस्त्याच्या पलीकडे. रिवाजाप्रमाणे ते धाकट्याच्या, कुबातच्या वाट्याला आलं होतं. कुबात आता नव्हता. तिथे त्याची आई झूराकान, त्याची बायको बुरुल आणि त्यांची मुलगी मीरिम अशा तिघीच राहत.

आता सरकार रस्ता सुधारायला निघालं होतं. बेत दोन होते. एकात गावातलाच रस्ता दुप्पट रुंद व्हायचा. दुसऱ्यात नदीकाठानं नवा रस्ता निघायचा, आणि खरबुजांचे, कोळशाचे, कापसाचे सगळे ट्रक खालच्या खाली निघून जायचे. कुठला बेत धरायचा हे गावकऱ्यांना आणि दुकानदारांना विचारूनच ठरवायचं होतं. त्यासाठीच आज शाळेत जनसुनावणी होती.

“अके,” चहा ओतता ओतता बुरुल म्हणाली. वडीलधाऱ्या पुरुषांना म्हणतात तसं थोरल्या दिराला ती अके म्हणायची. “मीरिम शाळेला जाताना रोज तो रस्ता ओलांडते. रुंद झाला तर दुप्पट ओलांडावा लागेल. हे कोण बोलणार?”

“त्यातच येतं गं ते सगळं,” तुरात म्हणाला.

“कशात येतं?”

“सगळ्यांचीच पोरं ओलांडतात, बुरुल,” नुरजामाल मधे पडली. “शुद्धीत असलेला माणूस दोन्हीकडे बघतो आणि ओलांडतो. त्यात काय एवढं?”

बुरुलनं किटली खाली ठेवली. कुबात याच रस्त्यावर कोळशाच्या ट्रकखाली गेला होता. तो प्यायलेला होता असं सारं गाव म्हणे. नुरजामालचं ‘शुद्धीत’ कुणाला लागायचं होतं, ते तिथे सगळ्यांना कळलं.

“पुरे,” झूराकान म्हणाली. पण ती लेकीला म्हणाली की सुनेला, हे तिनं कळू दिलं नाही.

*

शाळेच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. म्हातारे उंच पांढऱ्या टोप्या सावरत पुढे बसले, बायका खिडक्यांशी, आणि रस्त्यावरचे धंदेवाले मधोमध घोळक्यानं. समोर भिंतभर गावाचा नकाशा लावला होता. त्यावर प्रत्येक घर होतं, प्रत्येक टपरी होती. लोक उठून जवळ जात आणि आपापलं छप्पर शोधत.

“हे माझं! हे बघ, माझा संडाससुद्धा काढलाय!” कुणीतरी ओरडलं.

“त्यावरून रस्ता गेला तर देशाचं भलंच होईल,” मागून उत्तर आलं.

बेगाइम नावाची इंजिनिअर बिश्केकहून आली होती. पस्तिशीची, उन्हानं रापलेली, बुटांना चिखल लागलेला. गेला आठवडाभर ती दारोदार हिंडून चहा पीत होती, त्यामुळे निम्म्या गावाला नावानं ओळखत होती.

“कागदावर रेघ ओढायला मला काय लागतं?” ती म्हणाली. “पण ती कुणाच्या दारातून जाते ते तुम्हाला ठाऊक. म्हणून आधी तुम्ही बोला. मी ऐकते.”

“ऐकाल आणि मग तुमचंच कराल!”

“तसं झालं तर पुढच्या वेळी मला चहा देऊ नका.”

लोक हसले. गावप्रमुख शारशेननं तुरातचं नाव पुकारलं.

तुरात चांगलं बोलला. बाप ट्रक चालवायचा तेव्हापासूनची गोष्ट त्यानं सांगितली. खिंड बंद पडली की याच गावानं ड्रायव्हरांना आपल्या घरात झोपवलं, बर्फात अडकलेल्यांना लगमानच्या गरम शेवया खाऊ घातल्या. “रस्ता म्हणजे आमची दुसरी नदी आहे,” तो म्हणाला. “नदी वळवली की गावाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.” टाळ्या पडल्या. नुरजामाल उठली आणि म्हणाली, “ट्रक खाली नदीकाठानं गेल्यावर मी काय माशांची पंक्चरं काढू?” तिला भावापेक्षा जास्त टाळ्या मिळाल्या.

खिडकीपाशी बसलेल्या बुरुलनंही टाळी वाजवली. त्या खानावळीत कणीक तीच मळायची. ट्रक गेले तर तिचंही काम जाणार होतं, हे ती विसरली नव्हती.

“एक गोष्ट आत्ताच स्पष्ट सांगते,” बेगाइम म्हणाली. “रुंदीकरण झालं तरी ट्रकना साइडपट्टीवर थांबता येणार नाही. झऱ्यापासून खानावळीपर्यंत कठडा येईल.”

हॉल खवळला. सगळे एकदम बोलू लागले. त्या गोंगाटातून मध आणि कुरूत, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे गोळे, विकणारा जोलचू बाकावर चढला. तो तुरातचा लहानपणापासूनचा दोस्त. आवाज असा की खिंडीतून खाली ऐकू जावा.

“लाव बाई, खुशाल लाव कठडा!” तो म्हणाला. “तुमचे कठडे आम्ही बघितलेत! कुबात गेला ना, त्याच वर्षी वसंतात तुमच्या लोकांनी सिमेंटचे हे एवढाले ठोकळे आणून मांडले होते, रस्त्याच्या दोन्ही कडांना, झऱ्यापासून थेट खानावळीच्या दारापर्यंत. एक ट्रक थांबेना! मग आमच्या तुरातनं ट्रॅक्टर काढला, साखळी लावली, आणि दुपारच्या आत सगळी साइडपट्टी साफ! खात्याचा एक माणूस विचारायला आला नाही. असा वाघ लागतो गावात!”

धंदेवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी तुरातच्या पाठीवर थाप मारली.

तुरात हसला नाही.

बुरुलच्या कानात बाकीचं काही शिरलंच नाही. ‘कुबात गेला त्याच वर्षी’ एवढेच शब्द तिच्यापाशी आले आणि तिथेच थांबले. त्या वसंतात ती आणि कुबात मॉस्कोत होते. तो गोदामात, ती एका इस्पितळात फरशी पुसत. उन्हाळा सरताना परत आले तेव्हा त्या जागी ट्रकांची रांग असायची. तिनं तिथे कधी ठोकळा पाहिला नव्हता. असेल अशी कल्पनाही तिला नव्हती.

“जोलचू अके,” बेगाइम विचारत होती, “ते ठोकळे कशासाठी ठेवले होते, ठाऊक आहे का?”

“आम्हाला छळायला!”

“तिथे ओलांडायचे पट्टे आहेत. थांबलेल्या ट्रकांच्या आडून येणारा माणूस गाडीवाल्याला दिसत नाही. गाडी माणसाला दिसत नाही. म्हणून ठेवले होते.” ती नकाशाकडे वळली. जिथे जिथे माणूस दगावला होता तिथे तांबडे ठिपके चिकटवले होते. खानावळीसमोरच्या ठिपक्यावर तिनं बोट ठेवलं. “हा एक मृत्यू आहे. मी गावात नवीन आहे, म्हणून विचारते. हा ठोकळे असताना झाला, की काढल्यानंतर?”

जोलचूचं तोंड अजून उघडंच होतं. मग आपण काय बोलून बसलो ते त्याच्या डोक्यात शिरलं, आणि तो बाकावरून असा उतरला जसं त्याला कुणी खाली ओढलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“काढल्यानंतर,” बुरुल म्हणाली.

ती केव्हा उभी राहिली ते तिलाही कळलं नव्हतं. माना वळल्या.

“तो माझा नवरा,” ती बेगाइमला म्हणाली. “तो दोन ट्रकांच्या मधून बाहेर आला.” मग ती तुरातकडे वळली. आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. “अके, ते ठोकळे कुठे आहेत?”

“बुरुल, हे आपण घरी बोलू.”

“कुठे आहेत?”

“बस खाली. सगळं गाव बघतंय.”

“गावाला ठाऊक आहे, अके. मलाच ठाऊक नव्हतं. कुठे आहेत ते?”

तुरात जमिनीकडे बघत राहिला. मागच्या बाजूनं एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. वाद मिटावा म्हणून बोलावं तसा.

“चौथऱ्याखाली आहेत गं, पोरी. खानावळीच्या.”

उन्हाळ्यात गिऱ्हाइकं ज्यावर गाद्या टाकून जेवायला बसत, तो लाकडी चौथरा. कुबात गेल्यावर बुरुल कामाला लागली ती तिथेच. रोज सकाळी तो पाण्यानं धुवायची, वर गालिचे पसरायची, कडेला कुंड्या मांडायची. दुपारी मीरिम तिथेच बसून अभ्यास करायची. तिनं खिडकीची चौकट धरली. शेजारच्या बाईनं तिला आधार द्यायला हात पुढे केला, तर बुरुलनं तो झटकला. ही बाईसुद्धा जाणत असणार.

“हे काय चालवलंय?” नुरजामाल ताडकन उठली. भावाच्या पुढे ती नेहमीच भिंतीसारखी उभी राहायची. “ठोकळे काढले, काढले! दुकानांच्या सगळ्या रांगेसाठी काढले! तुझ्या पोटात जातं ते त्याच रांगेचं आहे, बुरुल! आणि पिऊन रस्त्यात आलेल्या माणसाला ठोकळे काय करणार होते? हात धरून घरी नेणार होते?”

“तो प्यायला नव्हता, एजे,” बुरुल थोरल्या नणंदेला म्हणाली.

“झालं! पुन्हा तेच!”

“तो प्यायला नव्हता.”

*

झूराकान पहिल्या रांगेत बसली होती. मागे वळून न बघता तिनं हे सगळं ऐकलं.

कुबात गेला तेव्हा ती वर कुरणावर होती, घोड्यांपाशी. निरोप पोचून ती खाली येईतो लेकराला न्हाऊ घालून कफनात गुंडाळलं होतं. दारात तुरातनं तिच्या गळ्यात पडून सांगितलं, “अपा, तो प्यायला होता.” हुंदके देत सांगितलं. तिनं ते खरं मानलं, कारण रडणारं माणूस खोटं बोलेल असं तिच्या मनातही आलं नाही. मॉस्कोत जाणारी पोरं पितात, हे सगळेच म्हणत. बुरुलनं नान हातात घेऊन शपथ घेतली तेव्हा ती म्हणाली होती, “माझा मुलगा तू तिथे बिघडवलास. वर आणि अन्नाची शपथ घेतेस?” वर्षदिनाला रिवाजाप्रमाणे घोडी कापून गावजेवण घालायचं, तर तिनं मोडता घातला. दारुड्याच्या नावानं घोडी कापणार नाही म्हणाली. घरातल्या घरात चार माणसांत कुराण म्हणवलं आणि मोकळी झाली.

आता ती उठली. काठी टेकत वळली. तुरात तिच्याकडे बघत नव्हता. तो बुरुलकडे बघत होता. भावाच्या आठवणीनं माणसाचा चेहरा जसा होतो तसा तो नव्हता. तो चेहरा घाबरलेला होता.

“तुरात.”

“अपा, चला, आपण घरी जाऊ.”

“तो प्यायला होता का?”

“अपा, पोलिसांनीच तेव्हा—”

“पोलिसांना मी जन्म दिला नाही. तुला दिलाय. मी तुला विचारतेय.”

शारशेन पुढे आला. “झूराकान अपा, हा घरचा मामला आहे. सभा रस्त्याची आहे.”

“मी रस्त्याचंच विचारतेय,” झूराकान म्हणाली. “बाजूला हो.”

तुरातला वाटलं, अजूनही ‘हो’ म्हणता येईल. एक शब्द पुरे होता. इतकी वर्षं तो त्याच एका शब्दावर उभा होता, आणि पोलिसापुढे तो म्हणायलाही लागला नव्हता. नुसती मान हलवली होती. त्या संध्याकाळी खानावळीत ड्रायव्हरांची मैफल बसली होती, त्यांना दारू हवी होती, बाटली पलीकडे घरात होती. “पळ, घेऊन ये,” असं त्यानं कुबातला म्हटलं होतं. “अपांना कळलं तर ते माझ्या नावावर घालशील,” कुबात हसत म्हणाला होता. तो गेला आणि बाटली घेऊन परत येताना तो आवाज झाला. काचा, दारूचा भपकारा. पोलिसानं नाक उडवून विचारलं, “प्यायला होता ना?” तेव्हा तुरातच्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टरची साखळी आली, आणि त्याची मान हलली. त्यानंतर मागे येता आलंच नाही. रोज थोडं थोडं लांब होत गेलं.

आई समोर उभी होती. तिचे डोळे स्थिर होते.

“नाही,” तुरात म्हणाला.

बाहेरून गेलेल्या ट्रकनं काचा खडखडल्या.

“थेंबभरसुद्धा नाही,” तो म्हणाला. “बाटली ड्रायव्हरांसाठी होती. मीच पाठवलं होतं त्याला.”

“काय?” हा आवाज नुरजामालचा होता. “काय म्हणालास?” तिनं भावाच्या तोंडाकडे बघितलं, मग बुरुलकडे. सकाळीच ती बोलली होती ते तिला आठवलं असावं. आजवर जे जे बोलली होती तेही. ती तुरातच्या शेजारीच उभी होती. तिनं आपली शाल उचलली आणि बायकांमध्ये जाऊन, बुरुलपासून थोड्या अंतरावर, भिंतीला टेकून उभी राहिली. जवळ जायची हिंमत तिला झाली नाही.

झूराकान खाली बसली नाही. तुरातच्या थोबाडीत मारावी असं तिच्या मनात आलं, तिचा हात उचललाही गेला, पण तो तिनं स्वतःच्याच छातीवर ठेवला. बेगाइमनं पाण्याचा पेला आणला. झूराकाननं तो घेतला आणि तसाच टेबलावर ठेवला.

“सभा पुढे ढकलू या,” शारशेन कुजबुजला.

“माझी पाळी राहिली आहे,” झूराकान म्हणाली. “सकाळी ठरलं होतं, शेवटी मी बोलायचं. आता मी बोलत नाही. आमच्या घराचं म्हणणं बुरुल सांगेल. ती म्हणेल ते घराचं.”

“अपा—” तुरात म्हणाला.

“तू बोललास. टाळ्याही घेतल्यास.”

*

बुरुलला रडू येत नव्हतं, याचंच तिला आश्चर्य वाटत होतं. आत एक वाक्य होतं, कितीदा म्हणून म्हणून गुळगुळीत झालेलं: तो प्यायला नव्हता. आज ते दुसऱ्या कुणी म्हटलं, आणि तिच्याजवळ म्हणायला काही उरलं नाही. ती नकाशापाशी गेली. सगळे तिच्याकडे असे बघत होते जणू ती आता शाप देणार.

“बायपास हवा की नको, ते मला सांगता येत नाही,” ती बेगाइमला म्हणाली. “ट्रक गेले तर माझीही चूल विझेल. मी तिथेच राबते. पण समजा, तुम्ही तो बांधायचा ठरवला, तर किती दिवस लागतात?”

“दिवस नाही, वर्षं. खरं सांगायचं तर बरीच.”

“आणि रुंद करायचा झाला तर?”

“तरी दोन-तीन.”

“म्हणजे तोवर माझी मुलगी याच रस्त्यानं जाणार. तर मग पहिलं हे लिहा. ते ठोकळे परत ठेवायचे. बेत कुठलाही होऊ दे, आधी ठोकळे.”

“एक ट्रक थांबणार नाही मग!” मधल्या घोळक्यातून कुणीतरी बोललं, आणि आपल्याच आवाजानं दचकलं.

बुरुल त्या बाजूला वळली. “थांबतील. वरच्या बाजूला, मेंढ्यांच्या जुन्या गोठ्याशेजारी मोकळी जागा पडली आहे. ती ग्रामपंचायतीची आहे. तिथे खडी टाकून द्या, ट्रक तिथे लागतील. ड्रायव्हर दोन पावलं चालत येईल. भूक लागलेला माणूस चालतो. आणि खालून नवा रस्ता काढलाच, तर त्याला गावात यायला फाटा ठेवा. ज्याला जेवायचंय तो वळेल. ज्याला नाही जेवायचं, तो तसाही आमच्या दारातून भरधावच जातो.”

बेगाइम लिहीत होती. मग तिनं पेन बुरुलच्या हातात दिलं. “गोठा कुठे ते दाखव.” बुरुलनं नकाशावर चौकोन काढला. तो वाकडा आला. तिनं तसाच ठेवला.

मधल्या घोळक्यातला, सामोशासारखे समसे विकणारा एक जण उठून पुढे आला. “त्या जागेत पाणी साचतं,” तो म्हणाला, “इथून चर काढावा लागेल,” आणि त्यानं बोटानं दाखवलं. मग आणखी एक जण आला. त्याला वाटत होतं गोठ्यापेक्षा पलीकडची उतरण बरी. हळूहळू नकाशाभोवती गर्दी झाली. लोक रस्त्याबद्दल बोलत होते, कारण दुसऱ्या कशाबद्दल बोलायचा धीर कुणात नव्हता.

जोलचू टोपी हातात घेऊन बुरुलसमोर आला. “पोरी, मला वाटलं मी त्याचं कौतुक करतोय,” तो म्हणाला. “देवाशपथ.”

“तुम्हाला सगळं ठाऊक होतं ना, अके?”

“ठोकळ्यांचं होतं. दारूचं नव्हतं.” त्यानं हातातली टोपी फिरवली. “पण ठोकळ्यांचं होतं. आम्हा सगळ्यांनाच होतं.”

“उद्या ठोकळे उचलायला मी येतो,” मागून कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, “मीपण.”

“कुणी येऊ नका,” तुरात म्हणाला. तो अजून आपल्या जागीच उभा होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. “मी काढले. मीच ठेवीन. आजच.”

तो बुरुलच्या उत्तराची वाट बघत राहिला. ती काहीतरी म्हणेल, निदान शिवी देईल, असं त्याला वाटलं. बुरुलनं पेनाचं टोपण लावलं, पेन बेगाइमला परत दिलं आणि सासूचा हात धरायला गेली.

*

दोघी शाळेतून निघाल्या तेव्हा खानावळीकडून ट्रॅक्टरचा आवाज यायला लागला होता. चौथऱ्याच्या फळ्या उपटल्या जात होत्या. आत जेवत असलेले दोन ड्रायव्हर बाहेर येऊन बघत होते, हातात अर्धं नान धरून. नुरजामाल टायरच्या दुकानाच्या दारात उभी होती. बुरुल जवळून गेली तेव्हा तिनं “बुरुल” अशी हाक मारली. बुरुल थांबली.

“मीरिमला उद्या मी शाळेत सोडते,” नुरजामाल म्हणाली. “रस्ता ओलांडून देते.”

“बघू, एजे,” बुरुल म्हणाली.

पट्ट्यांपाशी त्या उभ्या राहिल्या. एक ट्रक गेला, मग दुसरा. झूराकानचं वजन सगळं बुरुलच्या हातावर आलं होतं.

“तू मला कितीदा सांगितलंस,” झूराकान म्हणाली.

“हो.”

“मी एकदाही ऐकलं नाही.”

‘जाऊ द्या अपा’ हे शब्द बुरुलच्या जिभेवर आले होते. सून म्हणून ते म्हणायची तिला सवय होती. आज ते तिनं गिळले.

“बोल काहीतरी,” झूराकान म्हणाली.

“काय बोलू? तुम्ही मला तुमच्या घरात ठेवलंत, जेवू घातलंत. पण दर शुक्रवारी त्याच्या नावानं तेल टाकून कणकेचे बोर्सोक तळताना तुम्ही माझ्याकडे बघायचात ना अपा, ते मी विसरणार नाही. आज तरी नाही.”

“नको विसरूस,” झूराकान म्हणाली. मग थोड्या वेळानं, “घोडी कापायची आहे. उशीर झालाय, पण कापायची. सगळ्या गावाला बोलवायचं. त्या पलीकडच्या दुकानवाल्यांनाही.”

“त्यांना कशाला?”

“येऊन खाऊ देत. घास उतरतो का बघू.”

रस्ता रिकामा झाला, आणि त्या ओलांडून गेल्या.

मीरिम अंगणात अक्रोड सोलत बसली होती. तिची बोटं काळी झाली होती. शाळेतल्या पोरी तिला दारुड्याची म्हणून चिडवायच्या. हे तिनं घरी कधी सांगितलं नव्हतं, पण घरात दोघींनाही ठाऊक होतं. आजीचा चेहरा बघून ती उठली.

“काय झालं, आजी?”

झूराकान ओसरीच्या पायरीवर बसली. कुंपणापलीकडे शेजारीण कपडे वाळत घालत होती. तिलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं झूराकान म्हणाली, “तुझा बाप प्यायला नव्हता. कधीच पीत नव्हता. कामाला पाठवलेला होता, कामावरून परत येत होता. उद्या शाळेत कुणी काही बोललं तर हे सांग. झूराकान आजीनं सांगितलं म्हण.”

मीरिमनं आईकडे बघितलं. बुरुलनं मान हलवली. हातातला अक्रोड तिनं परातीत ठेवला.

“मग आजी, तो प्यायला होता असं मला कुणी सांगितलं होतं?”

झूराकानला तुरातचं नाव घेता आलं असतं. रस्त्यापलीकडे त्याचा ट्रॅक्टर घरघरत होता.

“मी,” ती म्हणाली.